एकाच ताग्यातल्या दोघी

माझी ताई भावंडं गोळा करायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण पगार तिला त्याचाच मिळायचा. दवाखान्यात कुणी विचारलं, "बाई कुठे गेल्या?" तर शिपाई सांगायचा, "भाऊ आणायला." विचारणाऱ्याला वाटायचं, बाईंच्या घरी काही कार्य निघालंय.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही दोघीच. अंगापिंडानं ती दणकट, आवाज खणखणीत, स्वभाव असा की समोरच्यानं 'नाही' म्हटलं तर ते तिला ऐकूच जात नाही. आणि दोन्ही अंगठे गुळगुळीत. अंगठा उठवायची वेळ आली की कागदावर नुसता शाईचा डाग पडतो. त्याचा तिला अभिमान आहे. म्हणते, "चोरीच करायची राहिली बघ माझी. कुणी पकडलं नसतं."

अंगठे घासले गेले बटणांपायी. आमच्या नदीकाठी शिंपल्याच्या बटणांचा कारखाना आहे. शिंपले पिंपात भिजत घालतात, त्यांतून गोल चकत्या कापतात आणि मग एकेक चकती अंगठ्यानं दाबून फिरत्या चाकावर घासतात, पातळ आणि तुकतुकीत होईपर्यंत. ताईनं उमेदीची सगळी वर्षं त्या चाकापुढे काढली. चाकावरून बारीक पांढरी पूड उडते. संध्याकाळी कारखाना सुटला की बाया, पोरी, बाप्ये सगळे पांढऱ्या पापण्यांनी बाहेर पडायचे. लहानपणी मला ते इतकं सुंदर वाटायचं की मी आरशासमोर पापण्यांना खडू लावून बघायची.

आमची आईही त्याच चाकावर होती. शेवटी शेवटी तिला आडवं होता येईना. उशांची चळत लावून तिला बसवून ठेवायचो, आणि ती एकेक श्वास ओढून घ्यायची. ती गेली तेव्हा तिची जागा ताईला मिळाली. जागा घरटी एकच मिळायची, आणि ती मिळाली म्हणजे घर तरलं अशी सगळ्यांची समजूत. ताई कारखान्यात गेली, मी शाळेत राहिले आणि पुढे शिवण शिकले. माझ्या शिवणाच्या मशीनचे पैसे तिनेच भरले. पण कारखान्याच्या दाराच्या आत मात्र तिनं मला कधी पाऊल टाकू दिलं नाही. गल्लीतल्या सगळ्या पोरींच्या गळ्यात टाकाऊ बटणांच्या माळा असायच्या. माझ्या गळ्यात नव्हती. हा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता, आणि राग जपण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

लहानपणी ताईची शिट्टी प्रसिद्ध होती. दोन बोटं तोंडात घालून ती शिट्टी मारायची, तर नदीच्या पलीकडची कुत्री उठून उभी राहायची. आई अंधार पडायच्या आत मला शोधायला तिलाच धाडायची, कारण तिला शोधावं लागायचं नाही. नुसती शिट्टी मारली की मी धावत घरी. मला स्वतःला शिट्टी कधी जमली नाही. गालात हवा धरायला जाऊन नुसती थुंकी उडायची. पुढे केव्हातरी ताईची शिट्टी बंद झाली. कधी झाली ते आठवत नाही. अशा गोष्टी बंद होताना कुणी ढोल वाजवत नाही.

मग जिन्यावर थांबणं सुरू झालं. माझं शिवणाचं दुकान माडीवर आहे, तिथे यायला एक साधा जिना आहे. त्याच्या वळणावर ती कठड्याला धरून उभी राहायची आणि खाली बघत राहायची, जसं काही पडलंय आणि ती शोधतेय. मी वरून ओरडायची, "ताई, चल ना लवकर." ती म्हणायची, "तू हो पुढे." शेवटी तिनं चाक सोडलं आणि दवाखान्यात घरोघरी फिरणारी बाई म्हणून लागली. बाळांच्या लसी, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, सगळ्यांची आठवण तिच्याकडे. हळूहळू चालायची, पण कुणाच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आली. काडीसारखी बारीक, खांद्याला तिच्याहून जड पेटी. पेटीत श्वास मोजायचं यंत्र. नळी तोंडात धरायची, छातीतली सगळी हवा एका दमात फुंकायची, आणि यंत्र सांगायचं तुमच्या फुफ्फुसात किती दम आहे. गावानं तिचं नाव लगेच फुंकरबाई ठेवलं. तिनं कारखान्यातल्या कामगारांचा श्वास मोजला, वरच्या बाजारपेठेतल्या लोकांचाही मोजला. कामगारांचा श्वास कमी भरला. बराच कमी.

ताईला वाटलं, झालं काम. कित्येक वर्षं तिचं एकच मागणं होतं: प्रत्येक चाकावर पूड ओढून घेणारा पाइप बसवा. आता ज्या पोरी चाकावर बसत होत्या त्यांना ती 'माझ्या पोरी' म्हणायची. स्वतःची मुलं तिला नव्हती. डॉक्टरीणबाईला घेऊन ती मालकांकडे गेली.

मालक काही वाईट माणूस नाही. आमच्या आईच्या अंत्यविधीला तो उन्हात उघड्या डोक्यानं उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, हे लोक राहतात कुठे ते बघितलंत? नदीकाठची ओल, भिंतींना बुरशी, बंद खोलीत कोळशाची शेगडी, पुरुषांच्या ओठात सिगारेट. आणि बाजारवाले राहतात टेकडीवर, उजेडात. श्वास कमी असायचाच. खाण तशी माती. त्याला माझा कारखाना काय करणार? पाइप बसवायचे तर मला कर्ज काढावं लागेल. दोष पुडीचा आहे, घराचा नाही, हे दाखवून द्या, मी सगळ्या चाकांवर पाइप बसवतो. शब्द देतो."

ताई माझ्या दुकानात आली ती फणफणत. "म्हणे घराचा दोष! नाचता येईना अंगण वाकडं." पाठोपाठ डॉक्टरीणबाई जिना चढून आली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे."

ताईनं तिच्याकडे असं बघितलं की मी मशीनचं पायडल थांबवलं.

"बरोबर आहे म्हणजे?"

डॉक्टरीणबाई इकडेतिकडे बघत होती. शोकेसमधे टांगलेला एक निळा शर्ट तिनं हातात घेतला आणि मला विचारलं, "हा खांद्यावर फिका का पडलाय?"

"उन्हात टांगलेला आहे ना. नमुन्याचा शर्ट," मी म्हणाले.

"कशावरून? कापडच हलकं असेल. रंगच कच्चा असेल."

मला राग आला. माझ्या कापडाला नाव ठेवलेलं मी खपवून घेत नाही. उठले, कपाट उघडलं, त्याच ताग्याचा उरलेला तुकडा काढला आणि तिच्यासमोर टाकला. "हे बघा. तागा एकच, रंग तोच, गिरणी तीच. हा कपाटात होता, तो उन्हात होता. आता सांगा, कापड हलकं आहे का?"

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हिला शर्ट आवडला. ती ताईकडे वळली. "मला हेच करायचंय, ताई. कामगार आणि बाजारवाले, हे दोन वेगळ्या ताग्यांचं कापड आहे. कितीही मोजलं तरी मालक म्हणणार, कापडच वेगळं. पण कामगाराचा सख्खा भाऊ घेतला, सख्खी बहीण घेतली, जी कारखान्यात गेलीच नाही, तर? आई तीच, भिंतीची ओल तीच, शेगडी तीच, ताटातलं अन्न तेच. जे जे सारखं आहे ते दोन्हीकडून वजा होईल. ते मोजायचीसुद्धा गरज नाही. उरेल ते चाकाचं. मला कपाटातला तुकडा हवाय."

मी तो निळा तुकडा हातात धरून उभीच राहिले. इतकी वर्षं मी कापड कापतेय, पण एका घरात वाढलेली दोन माणसं म्हणजे असं काही असतं हे कधी मनाला शिवलं नव्हतं. आपण भावंडांकडे बघतो ते भांडायला, नाहीतर वाटणी मागायला. आणि ही पोरगी म्हणत होती की आपल्या बाबतीत जे झालं नाही, ते झालं असतं तर काय झालं असतं, ते शेजारच्या खोलीत चालतंबोलतं बसलेलं असतं. ताईकडे बघितलं तर तिचाही राग कुठल्याकुठे गेला होता. "जोड्या आणायच्या म्हणजे," ती म्हणाली, "ते माझ्यावर सोडा."

आणि तिनं त्या आणल्या. दोघे सख्खे भाऊ एका शिडीवरून बोलायचे बंद झाले होते, कुणाची शिडी ते आता दोघांनाही आठवत नव्हतं. ताई धाकट्याकडे गेली आणि सहज म्हणाली, "थोरला म्हणत होता, फुंकरीत तू काही त्याला हरवू शकायचा नाहीस." धाकटा तासाभरात दवाखान्याच्या बाकावर हजर. थोरला तिथे आधीच बसलेला, कारण त्याला तिनं हेच सांगितलं होतं. एक बहीण लग्न होऊन लांब गेली होती. ती यायला तयार होईना. ताईनं निरोप पाठवला, "तुझी थोरली म्हणते, तुला यायला कोण देतंय." ती दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीनं आली. कुणाला कुठे चिमटा काढायचा ते ताईला पक्कं माहीत. प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारायची, "कारखान्यात कधी नोकरी केलीत?" एक 'हो' म्हणायचा, दुसरा 'नाही'. ही झाली जोडी.

आम्ही दोघी पण एक जोडी झालो. आधी ताईनं फुंकलं. डोळे मिटून, गाल फुगवून, खुर्ची धरून. मग मी. मला वाटलं फार तर उन्नीस-बीस असेल. डॉक्टरीणबाईनं आकडे लिहून घेतले आणि पुढच्या जोडीला हाक मारली.

सगळ्या जोड्या मोजून झाल्यावर एके दिवशी ती माझ्या दुकानात आली. ताई तिथेच होती, मला काजं करून देत होती. डॉक्टरीणबाई बसली नाही.

"ताई, फरक येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चाकावर बसलेला भाऊ आणि न बसलेला भाऊ, दोघांचा श्वास जवळजवळ सारखा भरतोय. दोघांचाही कमी. मालकांचं म्हणणं खरं निघतंय. घरच असावं."

ताईच्या हातातली सुई तशीच राहिली. तिला रडताना मी फार क्वचित बघितलंय. तेव्हाही ती रडली नाही. पण तिचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. "म्हणजे आमच्या आईला आमच्या घरानं मारलं?" ती म्हणाली. "त्या भिंती तर मी घासायची. बुरशी निघावी म्हणून दर आठवड्याला घासायची." डॉक्टरीणबाई म्हणाली, "मला हे मालकांना सांगावं लागेल. मी लपवू शकत नाही."

"लपवायचं कशाला?" ताई म्हणाली. "आहे ते सांगायचं. मीच येते तुमच्याबरोबर."

मला तेव्हा ताईचं नवल वाटलं. जन्मभराचं मागणं हातातून जात होतं, माझ्या पोरी माझ्या पोरी म्हणून जीव टाकत होती त्या तशाच पुडीत बसणार होत्या, आणि ही बाई सांगायला स्वतः जायला निघाली.

मालकांकडे जायच्या आधी डॉक्टरीणबाईनं आम्हा दोघींना परत बोलावलं. म्हणाली, सगळ्या जोड्यांत एक जोडी वेगळी पडतेय, यंत्र चुकलं का ते बघू. आम्ही परत फुंकलं. यंत्र चुकलं नव्हतं. माझा श्वास भरपूर होता, टेकडीवरच्या लोकांना लाजवेल असा. ताईचा माझ्या निम्म्याच्या आसपास.

डॉक्टरीणबाईनं यंत्र बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्ही लहानपणी दुसरीकडे राहत होतात?"

"नाही हो. एका पांघरुणात झोपायचो. तेही ही ओढून घ्यायची."

"खाणंपिणं वेगळं?"

"एका ताटात जेवायचो."

"मग तुमच्या दोघींत असं काय वेगळं आहे, जे बाकीच्या जोड्यांत नाही?"

झालं. कुणीतरी विचारलं, आणि माझा जुना राग वर आला. "वेगळं काय असणार," मी म्हणाले, "हिनं मला कधी हिची जागा राखू दिली नाही. सगळ्या पोरी आपापल्या बहिणींच्या जागा राखायच्या. मीच तेवढी बाहेर."

"जागा राखणं म्हणजे?"

ताईनं हात झटकला. "काही नाही मॅडम. ती घरातली गोष्ट आहे. त्याचा इथं काही संबंध नाही."

पण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही. मी सांगितलं. कारखान्यात चाकापुढचं स्टूल दोन-तीन सकाळी रिकामं दिसलं तर मुकादम ते दुसऱ्या घराला देऊन टाकायचा. म्हणून कुणी आजारी पडलं, बाळंत झालं, गावाला गेलं, की घरातलं दुसरं कुणीतरी जाऊन त्या स्टुलावर बसायचं. खिळ्यावरचं हजेरीचं कार्ड जुनंच, नाव जुनंच. मुकादम बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा, कारण त्याला चाक फिरण्याशी मतलब. भाऊ भावाची जागा राखायचा, बहीण बहिणीची. कधी आठवडाभर, कधी अख्खा हिवाळा. संध्याकाळी राखणाऱ्याला ओंजळभर टाकाऊ बटणं मिळायची. "आणि हिला ताप असला तरी ही स्वतः जायची," मी म्हणाले. "एकदा पाय मुरगळला तर शेजाऱ्याच्या हातगाडीवर बसून गेली. मला म्हणे, तू धांदरट, चकत्या फोडशील."

डॉक्टरीणबाई ताईकडे बघत होती. ताई आपल्या अंगठ्यांकडे.

"ताई," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, "ज्यांनी तुम्हाला 'नोकरी केली नाही' असं सांगितलं…"

"खरंच सांगितलं त्यांनी," ताई म्हणाली. "कुणी खोटं नाही बोललं. जागा राखणं म्हणजे काही नोकरी नव्हे. तो भावाचा हात धरणं झालं. मी विचारलं नोकरी केलीत का, ते म्हणाले नाही. मलाही ते 'नाही'च वाटलं. मी त्यांच्यातलीच ना." मग ती स्वतःशीच हसली, पण ते हसणं बघवेना. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. कपाटातले म्हणून मी ज्यांना आणलं, ते सगळे उन्हात वाळत घातलेलेच होते की हो."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा घरोघर फिरली. तेच जिने, तीच वळणं, तेच थांबणं. या वेळी प्रश्न वेगळा होता. "कुणाच्याही नावावर असू दे, चाकापुढे तुम्ही स्वतः किती बसलात?" आणि लोक सांगायला लागले. शिडीवाल्या भावांपैकी धाकट्यानं थोरल्याची जागा इतकी राखली होती की दोघांचं बसणं जवळपास सारखंच भरलं. हे ऐकून थोरल्यानं शिडी धाकट्याच्या घरी पाठवून दिली. लांब गेलेल्या बहिणीनं तर सांगितलं, "माझं निम्मं लहानपण तिच्या स्टुलावर गेलं, आणि ती म्हणते मला यायला कोण देतंय!"

मालकांना बोलावलं तेव्हा मीही गेले. डॉक्टरीणबाईनं भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. प्रत्येक जोडीचे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ. डावीकडे दोघांतला चाकापुढे कमी बसलेला, उजवीकडे जास्त बसलेला. ठिपका जितका वर तितका श्वास मोठा. मला आकडेमोडीतलं काही कळत नाही. पण ते बघायला काही कळावं लागत नव्हतं. जिथे दोघं सारखेच बसले होते तिथली रेघ आडवी. आणि बाकी बहुतेक सगळ्या रेघा उतरत्या. काही थोड्या, काही जास्त, पण उतरत्या. वेगवेगळी घरं, वेगवेगळ्या आया, कुणाची भिंत ओली कुणाची कोरडी, आणि तरी सगळ्या रेघा एकाच बाजूला कलल्या होत्या. मला देवळात गेल्यासारखं झालं.

मालक चष्मा पुसून बघत राहिला. मग म्हणाला, "पण कदाचित मुळात अशक्त असलेलं पोरच चाकावर येत असेल…" आणि थांबला.

"चाकावर कुठलं पोर घ्यायचात तुम्ही?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

मालकानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दणकट," तो म्हणाला. "घरातलं सगळ्यात दणकट पोर मागायचो आम्ही. माझे वडीलही तेच करायचे." जाताना ताईसमोर उभा राहून म्हणाला, "बाई, शब्द दिलाय मी."

मालक आणि डॉक्टरीणबाई गेल्यावर मी कागदाजवळ गेले. सगळ्यात तीव्र उताराची एक रेघ होती, वरच्या टोकापासून थेट खालपर्यंत. नाव लिहिलेलं नव्हतं, पण ती कुणाची ते विचारायची गरज नव्हती. वरच्या ठिपक्यावर मी बोट ठेवलं. आई तीच. ओल तीच. पांघरूण तेच. शिट्टी तर तिची होती, दम तिचा मोठा होता. सगळं सारखं वजा करून जे उरलं होतं, ते एवढंच होतं की ताप असताना, पाय मुरगळलेला असताना, प्रत्येक वेळी ती गेली आणि मला जाऊ दिलं नाही. ती काय करत होती ते तिला तरी आकड्यांत कुठे ठाऊक होतं? तिनं फक्त आईला उशांवर बसलेलं बघितलं होतं. इतकी वर्षं मी जो श्वास घेत होते तो कुणीतरी माझ्यासाठी राखून ठेवला होता, आणि मी बटणांच्या माळेसाठी रुसून बसले होते.

"ताई," मी म्हणाले, "खरंच मी चकत्या फोडल्या असत्या म्हणून नाही ना पाठवलंस?"

"फोडल्याच असत्यास," ती म्हणाली. "चल, दुकान उघडायचंय तुला."

पाइप बसायला उन्हाळा उजाडला. कारखान्याच्या पोरींनी ठरवलं की पहिली चकती ताईनं घासायची, तिच्या जुन्या स्टुलावर बसून. चाकांची खोली वरच्या मजल्यावर आहे. जिना लोखंडी आणि उभा. वर सगळी मंडळी जमली होती, मालक होता, डॉक्टरीणबाई होती. मी ताईबरोबर जिना चढत होते. वळणावर ती थांबली, कठड्याला धरून. या वेळी मी 'चल ना' म्हणाले नाही. मीही थांबले.

वरून कुणीतरी हाक मारली, "बाई, चाक सुरू करायचंय."

ताईचा श्वास काही बसेना. तिनं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "तू हो पुढे." आणि थोडं थांबून, "वर जा. माझी जागा राख."

मी वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. तिचं स्टूल त्यांनी मला दाखवलं. मधे खोलगट झालेलं, आईचं आणि मग तिचं. मी बसले. पोरींनी माझ्या अंगठ्यावर चामड्याची टोपी चढवली, चाक सुरू झालं, वरचा पाइप घूं घूं करायला लागला. मी चकती टेकवली. पांढरी पूड उडाली, क्षणभर माझ्यासमोर तरंगली आणि सगळीच्या सगळी वर वळून पाइपात शिरली. चकती मात्र फुटली.

ताई कधी येऊन मागे उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, आपला गुळगुळीत अंगठा माझ्या दोन्ही पापण्यांवरून फिरवला आणि उजेडात धरून बघितला. दोनदा बघितला. अंगठा कोरा होता.

"ऊठ आता," ती म्हणाली. "माझी जागा आहे ती."